बार्शी लाईटचं डिझेल का रेंगाळायचं? आधी रूळ बघा

कुर्डुवाडीकर (धागाकर्ता)

परवा सकाळी सोलापूर स्टेशनावर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. शेजारी कॉलेजची दोन पोरं गप्पा मारत होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "बार्शीची छोटी गाडी म्हणजे खाली उतरायचं, हरभऱ्याचा डहाळा उपटायचा आणि पळत येऊन परत बसायचं. डिझेल लावलं तरी तेच. इंजिनच भंगार होतं." तेवढ्यात गाडी आली आणि गर्दीत ती पोरं दिसेनाशी झाली. मोहोळ मागं पडलं तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्या छोट्या लाईनवर आधी गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतले कामगार, आणि पुढं त्या टोळीचे मुकादम होते. कुर्डुवाडी ते बार्शी या पट्ट्यात त्यांची उभी हयात गेली. माझं कॉलेजही त्याच गाडीनं झालं, आणि तेव्हा पुढं डिझेलच असायचं. त्यामुळं मला जे ठाम सांगायचं आहे ते आधीच सांगतो: गाडीचा वेग इंजिन ठरवत नव्हतं, रूळ ठरवत होते. इंजिन बदललं, खालचा रस्ता तोच राहिला.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. ही लाईन, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे, बांधली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी असा पहिला तुकडा सुरू झाला, २१ मैलांचा. बार्शी रोड म्हणजे आपलं आजचं कुर्डुवाडी. १९०६ला ती पंढरपूरला पोचली, १९११ला लातूरला आणि १९२७ला मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. १९५४मध्ये सरकारनं कंपनीकडून ती ताब्यात घेतली.

कॅलथ्रॉपचा हिशेब सरळ होता. रूळ हलके, यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. मग त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, इंजिन असो, डबा असो की वाघीण, ५ टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. इंजिन जड करायचं तर चाकं वाढवा आणि वजन वाटून द्या. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना चालवणाऱ्या चाकांच्या चार जोड्या होत्या, त्या याच कारणानं. त्या काळात इतक्या हलक्या रुळावर एवढा माल ओढून दाखवणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण हा हिशेब जमिनीलाही मानवावा लागतो. आपली जमीन काळी.

आषाढात एकदा, मी नववीत असेन, अण्णा मला बरोबर घेऊन गेले होते. शेंद्रीच्या अलीकडं एका जागी त्यांनी मला रुळाशेजारी आडवं व्हायला लावलं. "गाल टेकव. एक डोळा मीट. आता सांग, काय दिसतंय?" उभ्यानं बघताना रूळ सुतासारखा सरळ होता. गाल टेकवल्यावर दिसलं, सांध्याजवळ तो असा खाली गेला होता जशी सुंभाची सैल बाज. फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, खालचा स्लीपर मातीत बसला होता आणि खडीच्या फटीतून काळं पाणी वर आलं होतं. अण्णांनी फिशबोल्टवर हातोडीचा हलका टोला दिला. आवाज ठण्ण न येता बद्द आला. म्हणाले, "हा आवाज इंजिनाच्या ड्रायव्हरला ऐकू येत नाही. त्याला नुसता झोका लागतो. म्हणून त्याला कागद द्यावा लागतो."

कागद म्हणजे कॉशन ऑर्डर. त्या तुकड्यावर ताशी १० किलोमीटर. गँगनं रूळ उचलून खाली खडी कुटली, आणि तिसऱ्या दिवशी कॉशन उठली. पण तीन दिवस प्रत्येक गाडी तिथं रांगत गेली आणि डब्यातले लोक इंजिनाला शिव्या घालत होते. आता सांगा, त्यात डिझेलचा काय दोष?

---

पासधारक बार्शी

धागा काढलात, फार बरं केलंत. बार्शीहून कुर्डुवाडीला शाळेवर जायला मी पाच वर्षं याच गाडीचा मासिक पास काढला. सकाळच्या गाडीला दुधाच्या किटल्या दारातच असायच्या, त्यामुळं आत शिरायचं म्हणजे आधी किटल्या ओलांडायच्या. कोर्टातले कारकून, बाजार समितीतले हमाल, नर्सिंगच्या मुली, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. कुणी आलं नाही तर पुढच्या स्टेशनापर्यंत त्याची जागा कुणी घ्यायचं नाही.

पण एक शंका आहे, दादा. माझे सासरे सांगायचे की वाफेची गाडी वेळेवर यायची आणि डिझेल आल्यावर उशीर वाढला. रूळ तर दोन्ही वेळेला तेच. मग इंजिनाचा काहीच दोष नाही असं कसं म्हणायचं?

---

जुना फिटर

ताई, तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, पण त्याला दुसरी बाजू आहे. मी छोट्या लाईनच्या डिझेलांवर काम केलंय, म्हणून लिहितो.

आधी नाव समजून घ्या. आपल्याकडच्या छोट्या डिझेलांवर झेडडीएम असं लिहिलेलं असायचं. झेड म्हणजे अडीच फुटी गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. मोठ्या लाईनच्या डब्ल्यूडीएम-२मध्ये डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, बाकीची अक्षरं तशीच. पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. डब्ल्यूडीएम-२ म्हणजे २६०० अश्वशक्ती आणि ११२.८ टन वजन, सहा आसांवर वाटलं तर एका आसावर १८.८ टन. आपल्या रुळांना यातलं काहीच परवडणारं नव्हतं. छोट्या डिझेलांत झेडडीएम-४ए म्हणून जात आहे, तिच्या प्रत्येक बोगीला चालवणारे दोन आस आणि शिवाय नुसता भार उचलणारा एक जादा आस. तो जादा आस गाडी ओढत नाही, फक्त रुळावरचं ओझं कमी करतो. कॅलथ्रॉपनं जे वाफेच्या इंजिनात केलं तेच पुढं डिझेलात करावं लागलं.

आता मुद्दा. मोठ्या डिझेलात इंजिन जनरेटर फिरवतं आणि विजेवरच्या मोटारी चाकं फिरवतात. छोट्या झेडडीएममध्ये तसं नाही, तिथं हायड्रॉलिक ट्रान्समिशन. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल असतं, इंजिन त्या तेलाला फिरवतं आणि तेल पुढचं चाक फिरवतं. गाडी वेगात आली की हे उत्तम चालतं. पण पूर्ण लोड मागं लावून कमी वेगात बराच वेळ ओढलं, तर इंजिनाची ताकद चाकात न जाता तेल तापवण्यात जाते. तेलाचा काटा वर चढतो. मग ड्रायव्हरला नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, कमी करावा लागतो, नाहीतर उभं राहून तेल थंड होऊ द्यावं लागतं.

आता याला कुर्डुवाडीकरांची कॉशन जोडा. सपाटीवरच्या ताशी १० किलोमीटरच्या कॉशननं दहा मिनिटं जातात. तीच कॉशन चढाच्या पायथ्याशी लागली तर गाडीला धाव घेता येत नाही, सगळा चढ रांगत काढावा लागतो, तेल तापतं, आणि दहाची पस्तीस मिनिटं होतात. वाफेच्या इंजिनाचं असं नसतं. ते एकदम कमी वेगातही जोर लावतं, त्याला फक्त वाफ धरून ठेवता आली पाहिजे. म्हणून खराब रुळावर वाफ जास्त सहनशील वाटायची.

पण रुळाला विचाराल तर तो डिझेलची बाजू घेईल. वाफेच्या इंजिनाचे दांडे पुढं-मागं होतात, त्यांचं वजन पूर्ण तोलता येत नाही, त्यामुळं चाक दर फेऱ्याला रुळावर हातोडा मारल्यासारखं आपटतं. डिझेलचं चाक नुसतं गोल फिरतं. सांधे ठेचण्यात वाफेचा वाटा मोठा होता.

पाण्याचंही विसरू नका. आपला जिल्हा अवर्षणाचा. उन्हाळ्यात वाफेच्या इंजिनाला पाणी पुरवताना स्टेशनवाल्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. डिझेल आलं आणि ती चिंता मिटली.

---

पासधारक बार्शी

काका, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे रूळ खराब, म्हणून इंजिन तापलं, आणि इंजिन तापलं म्हणून आम्हाला पहिल्या तासाला उशीर. मुख्याध्यापकांना हेच सांगायला हवं होतं!

---

बालाघाटवाला

चढाचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमचं गाव येडशीजवळ. बार्शी सोडून लातूरकडं निघालं की पांगरीनंतर गाडी बालाघाटच्या डोंगराला भिडायची. रामलिंगच्या जंगलातून वळणं घेत वर चढायची. आम्ही पोरं जनावरं घेऊन तिथंच असायचो. गाडी दिसायच्या आधी बराच वेळ आवाज यायचा, आणि आवाजावरूनच कळायचं लोड किती आहे. मोकळी गाडी असली की एकसारखा घरघराट. भरलेली असली की आवाज मध्येच चढायचा आणि चाक सरकायचं. पहिल्या पावसात हमखास, कारण रुळावर पाला ओला होऊन चिकटलेला असायचा. मग ड्रायव्हर वाळू सोडायचा. गाडी गेल्यावर आम्ही जाऊन बघायचो, रुळावर वाळूचं पांढरं पीठ झालेला पट्टा असायचा, हात लावला तर गरम.

जुना फिटर काका म्हणतात ते तेल थंड करायला उभं राहणं मी डोळ्यांनी बघितलंय. घाटाच्या वर आल्यावर इंजिन उभं, बाजूची दारं उघडी, आणि असिस्टंट कापडानं तोंड पुसत बाहेर बसलेला. माकडं डब्यातल्या लोकांच्या हातातलं घ्यायला खाली यायची.

आता मोठी लाईन त्या रस्त्यानं जात नाही. ती उस्मानाबाद (आताचं धाराशिव) शहराला जोडायची म्हणून वळवली. जुन्या छोट्या लाईनला उस्मानाबाद लागतच नव्हतं, येडशीला उतरून मोटारीनं जावं लागायचं. त्यामुळं शहराचं भलं झालं, याबद्दल दुमत नाही. पण घाटातला जुना भराव तसाच राहिला आहे. दगडी मोऱ्यांच्या कमानींचा अजून एक चिराही हललेला नाही.

---

खडीवाला

मी सध्या मोठ्या लाईनवर ट्रॅकच्या कामात आहे, सोलापूर भागातच. कुठल्या तुकड्यावर ते लिहीत नाही. धागाकर्त्यांचं गाल टेकवून बघणं वाचून अंगावर काटा आला. आजही नव्या पोराला आम्ही हेच शिकवतो. मशीन सगळं मोजते, पण डोळा आधी तयार व्हावा लागतो.

दोन गोष्टी जोडतो.

पहिली, छोट्या लाईनवर तोच दोष जास्त का जाणवतो. समजा एका बाजूचा रूळ दुसऱ्यापेक्षा १० मिलिमीटर खाली बसला. मोठ्या लाईनवर दोन रुळांच्या मध्यांतलं अंतर साधारण पावणेदोन मीटर. छोट्यावर जेमतेम ८० सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच १० मिलिमीटरला छोटा डबा दुपटीपेक्षा जास्त कलतो. डब्याच्या छताशी, तीन मीटर उंचीवर, मोठ्या लाईनचा डबा १७ मिलिमीटर सरकेल, छोट्याचा ३७. आणि छोट्या लाईनचे डबे रुळांच्या मानानं रुंद, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले. त्यात लोक दारात लोंबकळलेले. म्हणून तिथला मुकादम ५ मिलिमीटरलाही घाबरायचा, आणि घाबरलंच पाहिजे.

दुसरी, काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. आपल्या शेतात वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा भरावालाही पडतात. सोलापूरचा पाऊस तसा कमी, पण भाद्रपदात परतीचा पाऊस येतो तेव्हा एका रात्रीत ओतून जातो. ते पाणी भेगांतून सरळ आत. भराव मऊ होतो, वरून चाकांचा दाब पडतो, खडी खाली मातीत घुसते आणि चिखल खडीतून वर येतो. एकदा खडीत चिखल भरला की पाणी वाहून जायची वाट बंद. मग तीच जागा दर पावसात बसते. आज आम्ही माती आणि खडीच्या मध्ये मुरमाड, दाणेदार थर देतो, त्याला ब्लँकेट म्हणतात. त्यावर ३०० मिलिमीटर खडी, त्यावर सिमेंटचे स्लीपर आणि मीटरला ६० किलोचा रूळ. म्हणजे कॅलथ्रॉपच्या रुळाच्या चौपट. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या लाईनला यातलं काही नव्हतं, आणि तरीही ती एवढी वर्षं चालली ती गँगच्या अंगमेहनतीवर.

एक प्रश्न विचारू का, दादा? तुम्ही लिहिलंय की गँगनं खडी कुटली आणि तिसऱ्या दिवशी कॉशन उठली. काळ्या मातीत, आषाढात, नुसत्या पॅकिंगवर तिसऱ्या दिवशी कॉशन उठणं मला अवघड वाटतं. शेजारी पाणी साचलेलं होतं का?

---

कुर्डुवाडीकर

प्रश्न बरोबर आहे. तेव्हा मी लहान होतो, तीन दिवस ही माझी आठवण आहे, पुरावा नाही. अण्णा आता नाहीत. पण त्यांच्या गँगमधले एक काका कुर्डुवाडीतच असतात. फोन करून विचारतो आणि सांगतो.

उन्हाळ्याचंही लिहितो, कारण पावसाइतकंच ते काम मोठं होतं. चैत्रापासून दुपारी रूळ हाताला चटका द्यायचे. अण्णा सांध्यातल्या फटी बघत जायचे. फट आवळली गेली असेल तर रुळाला वाढायला जागा नाही, मग तो बाजूला फुगणार. फट जास्त असेल तर चाक आपटून रुळाचं टोक चेपणार. खिशात पत्र्याच्या दोन पट्ट्या असायच्या, एक पातळ, एक जाड. पातळ आत गेली नाही तर चिंता, जाड सहज गेली तरी चिंता. मी विचारलं होतं, "एवढ्याशा फटीनं काय होतं?" तर म्हणाले, "लोखंडाला पण श्वास लागतो."

---

खडीवाला

अण्णांचं बरोबर. १३ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. सोलापुरात सकाळी आणि दुपारी रुळाच्या तापमानात तेवढा फरक सहज पडतो. आता लांबच लांब वेल्ड केलेले रूळ असतात, त्यांना फटी नसतात, म्हणून ते ठरावीक तापमानाला ताणून बसवावे लागतात आणि खडीनं दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवावे लागतात. भर उन्हात खडी उकरायला आम्ही बंदी का घालतो, याचं कारण हेच.

---

सांगोल्याची लेक

सगळे बार्शीच्या बाजूचं लिहिताय, मी पंढरपूर-सांगोला बाजूचं लिहिते. आमच्याकडं ही गाडी म्हणजे वारीची गाडी. आषाढीला आजी मला घेऊन जायची. डब्यात माणूस, टपावर माणूस, डब्यांच्या मधल्या जोडावर माणूस. ५ टनांचा हिशेब वाचून मला तेव्हाची गर्दी आठवली. तो भार कुणी मोजला होता?

एक वर्ष मनात राहिलंय. पंढरपूर सोडल्यावर एका स्टेशनाच्या अलीकडं गाडी तीन तास उभी राहिली. आजीला साखरेचा आजार, जवळचं पाणी संपलेलं. काय झालंय, किती वेळ लागेल, कुणी येऊन सांगितलं नाही. लोक इंजिनापाशी जाऊन ड्रायव्हरवर ओरडत होते. शेवटी ड्रायव्हरच खाली उतरले आणि म्हणाले, "बाई, पुढं रूळ नीट होतोय. मी गाडी नेली आणि पडली, तर तुमच्या आजीला कोण उत्तर देणार?" आणि स्वतःच्या सुरईतलं पाणी आजीला दिलं. त्या दिवशी मला राग आला होता, तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. आज हा धागा वाचून कळतंय की पुढं दोन-अडीच किलोमीटरवर कुणाचे तरी अण्णा खडी कुटत असणार.

माझी तक्रार आजही एकच आहे. गाडी थांबली तर माणसाला सांगा. रूळ दुरुस्त करायला वेळ लागतो हे कुणीही समजून घेतं.

---

कुर्डुवाडीकर

ताई, तुमचं सोळा आणे खरं. आणि ते काम करणाऱ्यांच्याही फायद्याचं. लोकांना कारण कळलं असतं तर अण्णांच्या गँगला डब्यांतून ऐकावं लागायचं ते ऐकावं लागलं नसतं.

---

लोकोप्रेमी सोलापूर

माझं वय पंचवीस, मी छोटी गाडी पाहिलेली नाही. सोलापूरहून पुण्याला जाताना कुर्डुवाडीला उतरून वर्कशॉपच्या बाजूला जाऊन आलो आहे, तेवढंच. माथेरानच्या छोट्या गाडीची कामं अजून तिथं होतात, त्यामुळं नॅरोगेजचं कसब जिल्ह्यात शिल्लक आहे याचा फार आनंद वाटतो.

मला प्रामाणिकपणे विचारायचंय: आता दौंड-सोलापूर-वाडी दुहेरी झाली, विजेच्या तारा आल्या, कुर्डुवाडीहून मिरज आणि लातूरकडंही तारा आल्या. डिझेलचा जमाना संपत आलाय. मग "रूळ ठरवतात" हे आजही खरं आहे का? की आता इंजिनच ठरवतं?

---

खडीवाला

आजही तेच. इंजिन ताशी १३० किलोमीटरचं असो की १६०चं, तुकड्याला मंजूर वेग असतो ट्रॅकचा, वळणांचा, पुलांचा आणि सिग्नलचा. इंजिनाला त्याच्यापुढं जाता येत नाही. फरक एवढाच की आता पायाच चांगला आहे, त्यामुळं कॉशन कमी लागतात आणि प्रवाशाला रूळ आठवतच नाहीत.

---

जुना फिटर

तारा आल्या म्हणून डिझेलला एकदम निरोप देऊ नका. तारेत वीज नसली, अपघात झाला, यार्डात शंटिंग करायचं असलं, की आजही डिझेलच हाक मारल्यावर येतं. मी मात्र एक कबूल करतो. शेडमध्ये आम्ही गाडी परत आली की आधी ट्रान्समिशनला दोष लावायचो. कुठं कॉशन होती, किती वेळ रांगत आणली, हे ड्रायव्हरला विचारायची आमची पद्धत नव्हती. विचारलं असतं तर बऱ्याच वेळा तेल बदलण्याऐवजी गँगला निरोप पाठवला असता.

---

बालाघाटवाला

मोठी लाईन होणार असं ठरल्यावर शेवटची काही वर्षं छोट्या लाईनवर कुणी जीव लावून खर्च करायला तयार नव्हतं, हेही लिहायला हवं. जाणाऱ्या पाहुण्यासाठी कोण नवी सतरंजी टाकतं? गाड्यांच्या कॉशन वाढत गेल्या. आमच्या गावातल्या लोकांनी तेव्हाच मोटारीला पसंती दिली, आणि मग गाडीला माणूस नाही म्हणून अजून कमी गाड्या. २००८मध्ये उस्मानाबाद-कुर्डुवाडी मोठी लाईन सुरू झाली तेव्हा सुटलो एकदाचे असं वाटलं होतं. आता वाटतं, शेवटची दहा वर्षं जी बघितली ती त्या लाईनची खरी ओळख नव्हती.

---

लोकोप्रेमी सोलापूर

यावरून एक सुचतंय. कॅलथ्रॉपनं बार्शीचा अनुभव घेऊन पुढं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाईन बांधली, १९०४ साली. तिथली इंजिनंही किटसनची. ती लाईन तीस वर्षांत, १९३४ला बंद झाली. आपली बार्शी लाईट त्यानंतर सत्तर वर्षांहून जास्त चालली! पण तिथं रूळ काढल्यावर त्या रस्त्याची पायवाट केली, आजही लोक तिच्यावरून चालतात, सायकल चालवतात. रामलिंगच्या घाटातल्या जुन्या भरावाचं असं काही करता येईल का?

---

बालाघाटवाला

मनापासून पाठिंबा. मात्र तो भाग अभयारण्याचा आहे, त्यामुळं वनखात्याला विचारल्याशिवाय एक पाऊलही नको. पावसाळा संपल्यावर या. परवानगी असेल तिथपर्यंत मी स्वतः दाखवतो. मोऱ्या बघा फक्त.

---

पासधारक बार्शी

मी येणार. आमचा सकाळच्या डब्यातला गट अजून फोनवर जोडलेला आहे, त्यांनाही सांगते. सगळ्यांची साठी उलटली आहे, घाटात हळू चालवा म्हणजे झालं.

---

कुर्डुवाडीकर

दुरुस्ती आहे, आणि ती मुद्दाम वेगळी लिहितोय.

गँगमधल्या काकांशी आज तासभर बोललो. खडीवाला यांची शंका बरोबर होती. कॉशन तिसऱ्या दिवशी उठली नव्हती, अकरा दिवस होती. मला तीन दिवस आठवतात कारण तिसऱ्या दिवशी मी शाळेला परत गेलो. आणि जागा मी शेंद्रीच्या अलीकडं म्हणालो, ती पलीकडं, मोरीच्या पुढं.

काका म्हणाले, पहिल्या चार दिवसांत तोच सांधा त्यांनी तीन वेळा उचलून कुटला आणि तीनही वेळा तो सकाळपर्यंत परत खाली. पाचव्या दिवशी अण्णा रुळावर न जाता शेजारच्या शेतात शिरले. त्या उन्हाळ्यात शेतकऱ्यानं बांध वाढवला होता आणि मोरीकडं जाणारी जुनी पाण्याची वाट त्याच्या पोटात गेली होती. पाणी बांधाला तटून भरावाच्या पायथ्याशी साचत होतं, वरून दिसत नव्हतं कारण तिथं गवत माजलेलं. अण्णांनी त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन चहा घेतला, त्याला बरोबर आणलं, पाणी कुठं तटतंय ते दाखवलं. मग गँगनं आणि त्या माणसानं मिळून दोन दिवस चर खोदला, साधारण चाळीस पावलं लांब, मोरीपर्यंत. पाणी उतरलं. त्यानंतर चौथ्यांदा सांधा उचलून कुटला तो बसला नाही. आणखी चार दिवस प्रत्येक गाडीमागं त्यांनी गाल टेकवून बघितलं आणि मगच कॉशन काढायला सांगितली.

काकांना मी विचारलं की पुढच्या पावसाळ्यात काय झालं. म्हणाले, "पुढच्या वर्षी चर त्या शेतकऱ्यानंच साफ केला. आम्ही गेलो तोवर झालेला होता."